जोडावरची चिंधी

माझ्या जुन्या कंपनीच्या हँडबुकात एक नियम आत्ताआत्तापर्यंत माझ्या नावाने होता. ‘पाटणकर नियम’. तो मी शोधलेला नाही. हे सांगायचं मी चार-पाच वर्षं टाळलं. कोणी त्याबद्दल विचारलं की मी विषय बदलायचो, नाहीतर चहा मागवायचो. आता सत्तरी जवळ आली आणि डॉक्टरांनी चहाही बंद केला. तेव्हा लिहून टाकतो.

मी आयुष्यभर कंपायलर लिहिले. कंपायलर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस प्रोग्रॅम ओळींमध्ये लिहितो. चिपला ओळी समजत नाहीत. तिला लागतात बारीक सूचना: हा आकडा उचल, तिथे ठेव, तिकडे जा. ओळींवरून अशा सूचना तयार करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. हे करताना तो बाजूला एक तक्ता लिहून ठेवतो. अमुक ठिकाणची सूचना मूळ प्रोग्रॅमच्या तमुक नंबरच्या ओळीतून आली. चिपला या तक्त्याचा काडीचा उपयोग नसतो. तो माणसासाठी असतो.

प्रोग्रॅम बिघडला की माणूस डीबगर उघडतो आणि ‘स्टेप’चं बटण दाबतो. प्रोग्रॅम एक ओळ पुढे जाऊन थांबतो. स्क्रीनवर पिवळा पट्टा एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकतो. त्यासाठी डीबगर आमचा तक्ता बघत असतो. ओळ तीच आहे? चालू दे. बदलली? थांब. इतकं साधं. तक्ता खरा असेल तर पट्टा खरा.

आमचं ऑफिस तेव्हा थळला होतं. मालक निखिल माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. लॉकडाऊनमध्ये त्याने नवी मुंबईची जागा सोडली आणि आजोळच्या वाडीतल्या बंगल्यात आम्हा चौदा जणांना आणून बसवलं. खिडकीतून एकीकडे सुपाऱ्या दिसायच्या, दुसरीकडे लांब खत कारखान्याची चिमणी. ऑफिसात भिंतीवर लावलेला नियम एकच होता: माडाखाली स्कूटर लावू नये. तो मोडणारे दोघे होते आणि दोघांच्या सीटना खड्डा होता. निखिल मला काका म्हणायचा, बाकीचे सर म्हणायचे. मी कंपायलर विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच होतो.

टेस्टिंगला सहा महिन्यांच्या बोलीवर एक मुलगी आली होती. हर्षदा. गावातल्याच कोळीवाड्यातली, डिप्लोमा केलेली. वडिलांची मासेमारीची बोट होती, सगळे त्यांना नाखवा म्हणायचे. हर्षदा ऑफिसला चालत यायची आणि तरी सगळ्यांच्या आधी यायची. आवाज मोठा. तिने फोनवर कोणाशी हळू बोललेलं मी कधी ऐकलं नाही. विचारलं तर म्हणाली, “सर, बोटीवर हळू बोललं की वारा ऐकतो, माणूस नाही.”

आमच्याकडे पद्धत अशी होती. टेस्टरला चूक सापडली की त्याने तिची नोंद करायची, त्या नोंदीला आम्ही बग म्हणायचो. ज्याचा कोड, त्याने तपासायचं. चूक असेल तर दुरुस्ती, नसेल तर ‘इनव्हॅलिड’ असा शेरा मारून बग बंद. बोलीच्या सहा महिन्यांत चार इनव्हॅलिड झाले तर तो माणूस कायम होणार नाही. हा नियम मात्र खरंच माझा. आधीचा टेस्टर ‘कंपनीचा लोगो उदास वाटतो’ असे बग नोंदवायचा, म्हणून मी तो सुचवला होता.

हर्षदाचे तीन इनव्हॅलिड झाले होते. ते तिन्ही रास्त होते, हे मी आजही म्हणेन. पाचव्या महिन्यात तिने एक बग नोंदवला. ‘स्टेप करताना पट्टा इफमधून एल्समध्ये जातो.’

इफ आणि एल्स म्हणजे रस्त्याचे दोन फाटे. अट खरी असेल तर प्रोग्रॅम इफच्या फाट्याने जातो, खोटी असेल तर एल्सच्या. एका वेळी एकच. दोन्हीकडून कधीच नाही.

मी बगचं नाव वाचलं आणि खाली लिहिलं: ‘ऑप्टिमायझेशन चालू आहे. पट्टा उड्या मारणारच.’ ऑप्टिमायझेशन म्हणजे कोड लहान आणि वेगवान व्हावा म्हणून कंपायलर सूचनांची उलथापालथ करतो ती. ती चालू असली की पट्टा जरा मागेपुढे होतो, हे धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे हे वाक्य फार सोयीचं आहे. बहुतेक वेळा खरंही असतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये हर्षदाने विषय काढला.

“सर, उड्या मारतो ते मला कळतं. पुढची ओळ आधी, आधीची नंतर, चालेल. पण हा जी ओळ चाललीच नाही ती दाखवतो.”

“अंदाजे दाखवतो.”

“मग अंदाजे आहे असं कळू दे ना. हा तर छातीठोक सांगतो. आमच्याकडे खोली मापायच्या दोराला चिंध्या बांधतात. दोर तुटून जोडला की बाबा जोडाच्या चिंध्या...”

“हर्षदा,” मी म्हणालो, “हे कंपायलर आहे, होडी नाही.”

सगळे हसले. तीही हसली, थोडी उशिरा. मीटिंग संपल्यावर मी बगवर शेरा मारला. इनव्हॅलिड. चौथा.

दहा दिवसांनी कदम आले. कदम म्हणजे तळोज्याच्या आमच्या एका ग्राहकाचे इंजिनियर. ते बर्फाच्या कारखान्यांसाठी कंट्रोलर बनवायचे. तापमान वाढलं की कॉम्प्रेसर चालू करायचा, उतरलं की बंद करायचा, एवढंच त्या कंट्रोलरचं काम. कदमांनी बोर्ड आणला होता तो मासे ठेवायच्या थर्माकोलच्या खोक्यात. खोकं उघडलं तेव्हा निखिलचं मांजर टेबलावर चढलं आणि बोर्ड बघून निराश होऊन उतरलं.

“तीन दिवस झाले, पाटणकर साहेब,” कदम म्हणाले. “मेमरी बदलली. बोर्ड बदलला. घरी आता मला बदलायचं चाललंय.”

“काय होतंय?”

“बघाच तुम्ही.”

कॉम्प्रेसरच्या जागी त्यांनी एक छोटा दिवा जोडला होता. स्क्रीनवर त्यांचा प्रोग्रॅम. ओळ ५१ वर अट: तापमान जास्त आहे का? ओळ ५२: असेल तर ‘चालू’ ठरव. ओळ ५३: जे ठरलं ते दिव्याकडे पाठव. मग एल्स. ओळ ५६: ‘बंद’ ठरव. ओळ ५७: जे ठरलं ते दिव्याकडे पाठव.

कदमांनी तापमान वाढवलं आणि बटण दाबायला सुरुवात केली. पट्टा ५१ वर. मग ५२ वर. मग एकदम ५७ वर. म्हणजे ‘बंद’च्या फाट्यात. आणखी एकदा बटण दाबलं, आणि दिवा लागला.

“आता सांगा,” कदम म्हणाले. “दिव्यावर विश्वास ठेवू की पट्ट्यावर?”

दिवा खरा होता हे मला तिथेच कळलं. आणि पट्ट्याला कोण खोटं बोलायला लावतंय तेही कळलं. ओळ ५३ आणि ओळ ५७ शब्दशः सारख्या आहेत. दोन्हींच्या सूचनाही सारख्या. दोन प्रती कशाला ठेवायच्या, म्हणून कंपायलर एकच प्रत ठेवतो आणि दोन्ही फाटे तिच्यावर आणून सोडतो. चिपमध्ये जागा कमी असते, तिथे ही युक्ती फार कामाची. ती मी दोन वर्षांपूर्वी लिहिली होती आणि त्यावर पेढे वाटले होते.

पण त्या एका प्रतीसमोर तक्त्यात कुठली ओळ लिहायची? ५३ की ५७? मी कोड उघडला. दहा मिनिटांत जागा सापडली. तिथे लिहिलं होतं, दुसऱ्या फाट्याची ओळ ठेव. का, ते आठवेना. काहीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं असणार.

चूक आपलीच आहे हे कळल्यावर वाईट वाटायला हवं. पण खरं सांगतो, पहिल्यांदा आनंदच झाला. या कामात ज्याला हा आनंद होत नाही त्याने बँकेत जावं. मी बाह्या सरसावल्या आणि ‘दुसऱ्या’च्या जागी ‘पहिल्या’ केलं. कदमांनी स्टेप केलं. ५१, ५२, ५३. कदम उठून उभे राहिले.

“आता गार करून बघा,” मागून आवाज आला. हर्षदा होती.

कदमांनी तापमान उतरवलं. ५१, ५६, ५३. आता ‘बंद’ करायला निघालेला पट्टा ‘चालू’च्या फाट्यात. कदम खाली बसले.

“काका, ते एकत्र करणंच बंद करा ना,” निखिल म्हणाला.

“कोड वाढेल. चिपमध्ये बसणार नाही.”

“आधीच गच्च भरलीये,” कदम म्हणाले. “एक टाचणी मावणार नाही.”

तक्त्यात एका सूचनेसमोर दोन ओळी लिहायची सोय नाही. ५३ लिहा, अर्ध्या वेळा खोटं. ५७ लिहा, उरलेल्या अर्ध्या वेळा खोटं. जेवणाची वेळ झाली तरी मी तिथेच. शेवटी डोकं गरम झालं तेव्हा चप्पल घालून किनाऱ्यावर गेलो.

बोटी लागतात तिथे सावलीत नाखवा बसले होते. मांडीवर दोर. दोराला ठरावीक अंतरावर रंगीत चिंध्या. दोन हात पसरले की जेवढी लांबी होते तिला वाव म्हणतात, दर वावेला एक चिंधी. टोकाला शिसं. दोर पाण्यात सोडायचा, शिसं तळाला टेकलं की चिंध्या मोजायच्या, खोली कळते.

“काय नाखवा, आता मशीन असतं ना खोली बघायला?”

“हाय की मशीन. बंद पडलं तं त्याला काय मिठी मारू?” त्यांनी बाजूला सरकून जागा दिली. “तुमी आमच्या हर्षदाचे सायब ना? बसा. तोंड का उतरलंय?”

मी बसलो. दोर मधे झिजून तुटला होता. नाखवांनी दोन्ही टोकांचे पीळ उलगडले आणि एकमेकांत गुंफून इतके घट्ट केले की जोड शोधावा लागावा. मग जोडाच्या पुढच्या तीन चिंध्या त्यांनी सोडल्या आणि खिशात घातल्या.

“त्या कशाला काढल्या? चांगल्या आहेत की.”

“चांगल्या हायत, पन आता खोट्या हायत. जोडानं दोर खाल्ला ना. घरी जाऊन परत मापीन, तवा बांधीन.”

“तोवर?”

“तोवर चिंधी न्हाय. चिंधी न्हाय दिसली तं मानूस हातानं वाव मारून बघतो. खोटी दिसली तं बिनघोर जातो न् खडकावर आपटतो.” ते माझ्याकडे बघून हसले. “हर्षदाला ठावं हाय हे सगळं. सांगितलं न्हाय तिनं?”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.

मी परत कसा आलो ते आठवत नाही, पण चप्पल वाळूत एकदा तरी निसटली असणार, कारण ऑफिसात पोचलो तेव्हा एक हातात होती. तक्त्यात ओळीच्या जागी शून्य लिहायची मुभा आहे. शून्य म्हणजे ही सूचना कुठल्याच एका ओळीची नाही. डीबगर शून्याला भेटला की थांबत नाही, पुढे जातो. मी कोडमध्ये एवढंच लिहिलं: दोन वेगळ्या ओळींच्या सूचना एक झाल्या तर ओळ शून्य.

कदमांनी तापमान वाढवलं. ५१, ५२, आणि थेट ६०. ६० म्हणजे दोन्ही फाट्यांच्या बाहेरची पहिली ओळ. दिवा लागला. तापमान उतरवलं. ५१, ५६, ६०. दिवा विझला. पट्टा ज्या फाट्यात शिरला त्याच फाट्यातून बाहेर पडला. कदमांनी हे इतक्या वेळा केलं की शेवटी निखिलने माऊस काढून घेतला.

खानावळीतून तळलेले बोंबील, भाकऱ्या आणि भात आला. सगळा बंगला व्हरांड्यात जमला. कदमांच्या खोक्यात बोर्डाशेजारी निखिलने दोन पापलेटं ठेवली, “घरी द्या, तुम्हाला बदलायचं रहित होईल.” मांजराचा दिवस सुधारला. मी इतका खूश होतो की दोनदा भात घेतला.

“काका, पण हे सुचलं कसं?” निखिलने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. हर्षदा दाराला टेकून उभी होती, हातात ताट.

“किनाऱ्यावर फिरताना,” मी म्हणालो.

हे वाक्यही, बघा, खोटं नव्हतं.

टाळ्या झाल्या. निखिल म्हणाला, याला पाटणकर नियम म्हणायचं. हर्षदाने ताट ठेवलं, हात धुतले आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी हर्षदाच्या बगमधल्या पायऱ्या एकदा चालवून बघाव्यात म्हणून मी तो उघडला. पहिल्यांदाच पूर्ण वाचला. तिने इफची बाजू लिहिली होती, एल्सची बाजू लिहिली होती, कुठल्या ओळी एक होतात तेही लिहिलं होतं. सगळ्यात खाली एक ओळ: ‘सुचवणी: अशा ठिकाणी ओळ देऊच नये. शून्य द्यावं.’ म्हणजे मला उन्हात किनाऱ्यापर्यंत जायचीही गरज नव्हती.

बग पुन्हा उघडायचा तर कारण लिहावं लागतं, आणि ते सगळ्यांना मेलवर जातं. मी नवा बग काढला. कोणी कळवला: कदम. कोणी दुरुस्त केला: पाटणकर. बंद.

दुसऱ्या दिवशी हर्षदा माझ्या टेबलाशी आली.

“सर, माझा तो बग उघडा ना. आता तर सिद्ध झालं. इनव्हॅलिड काढलं की माझे तीनच राहतात.”

“बघतो,” मी म्हणालो.

आठवड्याने ती पुन्हा आली. मी पुन्हा म्हणालो, बघतो. तिसऱ्यांदा ती आली नाही. तिचे सहा महिने संपले तेव्हा निखिलने यादी बघितली, चार आकडा बघितला, आणि मला विचारलं, “काका, पोरगी चांगली आहे ना? काय करू?” मी म्हणालो, “नियम आहे.” तिने जाताना सगळ्यांना सुका जवळा वाटला. मलाही. पुडी बाकीच्यांपेक्षा मोठी होती, की मला तशी वाटली, सांगता येत नाही.

हर्षदाचं पुढे छान झालं. ते माझ्यामुळे नाही, माझ्याशिवाय झालं. ती आता नवी मुंबईत एका कंपनीत हॉस्पिटलच्या मशीनचं टेस्टिंग बघते, हाताखाली नऊ माणसं आहेत, आणि निखिल सांगतो की ते नऊही मोठ्याने बोलतात. मी निवृत्त होऊन दिवेआगरला राहतो. इकडे वादळाने माड पाडले होते, त्या जागी लावलेली रोपं आता माझ्या खांद्याला लागतात.

या वर्षी पावसाळा सरला तेव्हा नाखवांचा फोन आला. नवी बोट पाण्यात घालतोय, या. मी आधी निखिलला गाठलं आणि जुन्या सिस्टिममध्ये शिरून हर्षदाचा तो बग उघडून मागितला. ‘इनव्हॅलिड’ खोडलं, ‘दुरुस्त’ केलं. कारणाच्या जागी लिहिलं: रिपोर्ट पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

“काका, आता काय उपयोग?” निखिल म्हणाला.

“काही नाही. आणि त्या नियमावरचं माझं नाव काढ.”

“मग कोणाचं घालू?”

“तिला विचारून सांगतो.”

सांगायचं ते कागदावर लिहून मी शर्टाच्या खिशात ठेवलं. तोंडाने नीट जमत नाही हे मला माहीत आहे.

थळला पोचलो तर अर्धं गाव किनाऱ्यावर. बोट निळी, नाकाला झेंडूच्या माळा. बँजो चालू. हर्षदा नऊवारी नेसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. मला बघितलं तशी लांबूनच ओरडली, “सर, या. आधी जेवा, मग बोला.” मग नवऱ्याला जवळ ओढलं. “हे पाटणकर सर. मी पहिल्यांदा कोणाच्या हाताखाली काम केलं ते हे.”

“खूप ऐकलंय तुमच्याबद्दल,” तो म्हणाला. काय ऐकलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जेवण झालं. मी खिशाकडे हात नेला, इतक्यात नाखवांनी माझा दंड धरला. “चला सायब. हात लावा.” बोट ओढायला ट्रॅक्टर होता. पण त्यांच्याकडे रीत अशी की आलेल्या प्रत्येक माणसाचा हात बोटीला लागला पाहिजे, नाहीतर ती रुसते. एका बाजूला मी, पलीकडे हर्षदा, मधे तिच्या आत्या, मामा, पोरंटोरं. कोणीतरी आवाज दिला, सगळ्यांनी जोर लावला, आणि बोट जी सुटली ती थेट पाण्यात. आम्हीही तिच्यामागे गेलो. मी या वयात छातीपर्यंत समुद्रात उभा होतो आणि सगळ्यांबरोबर ओरडत होतो. इतका आनंद मला पट्टा ६० वर गेला तेव्हाही झाला नव्हता.

बोटीत नाखवांनी खोली मापायचा दोर उंच धरून मला दाखवला. तोच जुना. मधे एक जागा अजून बिनचिंधीची, परत मापायचं राहूनच गेलेलं.

बाहेर आलो तेव्हा हर्षदाने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. “सर, कागद भिजला तुमचा. महत्त्वाचा होता का? काही बोलायचं होतं?”

शाई शर्टावर उतरली होती. ती समोर उभी होती, नथीवरून पाणी गळत होतं, आणि ती हसत होती.

“बघतो,” मी म्हणालो.

नियमाच्या वर हँडबुकात सध्या कोणाचंच नाव नाही. निखिल विचारत असतो. तूर्त ती जागा रिकामी आहे, आणि माझं नाव असण्यापेक्षा ते बरं आहे. कागदावर काय होतं ते मला पाठ आहे:

हर्षदा, चौथा बग बरोबर होता. नियम तुझा आहे. मी आधी हसलो, मग गप्प बसलो, आणि दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. मला माफ कर.